बनसोडे सर आणि त्रिकोणी इंजिन

आमच्या पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये बनसोडे सरांच्या नावाची एक खुर्ची होती. तिच्यावर छत्र्या असत, हेल्मेटं असत, प्राचार्यांनी परत पाठवलेल्या प्रश्नपत्रिका असत. बनसोडे सर तेवढे कधी नसत. ते चहा उभ्याने पीत, पेपर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याने तपासत आणि मीटिंग सुरू झाली की दाराला टेकून उभे राहत, म्हणजे संपायच्या आधी निसटता येई. त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, सांगत की यांचे झोपेतही पाय हलतात आणि लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्या एकदा भूकंप समजून उठल्या होत्या. आता सर नोकरी सोडून पुण्याला मुलीकडे गेलेत. ती खुर्ची नव्या मास्तरांना दिली आहे. ते छान बसतात.

मी गणिताचा माणूस, म्हणजे बैठ्या धंद्यातला. त्यात आम्ही दोघं हुबळीच्या केशवापुरात एकाच गल्लीत राहणारे, त्यामुळे सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून कॉलेजला जाणं माझ्या नशिबी आलं. लाल सिग्नल दिसला की हा माणूस डावीकडच्या बोळात शिरायचा. बोळातून दुसऱ्या बोळात, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या मागून, वाळत घातलेल्या पापडांना वळसा घालून आम्ही निघायचो आणि सिग्नलला थांबलो असतो त्यापेक्षा उशिरा पोचायचो. एकदा वैतागून मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाले, "पण चालत हुतो की नाही? थांबला की गंजला, देसाई."

हे त्यांचं पेटंट वाक्य. ते त्यांनी गंजलेल्या बिजागरीबद्दल वापरलं, बढती नाकारलेल्या शिपायाबद्दल वापरलं आणि माझ्या गुडघेदुखीबद्दल तर दर आठवड्याला. धारवाडला जाताना सिटी बस उणकलपाशी जरा रेंगाळली की ते उतरून पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जात आणि तिथं तीच बस पुन्हा पकडत. पायाला भिंगरी म्हणतात ती अशी. मुलं कन्नड, त्यांनी आपल्या भाषेत नाव ठेवलं होतं बुगरी सर. बुगरी म्हणजे भोवरा. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, कारण त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात आवडती वस्तू फिरणारीच होती.

ती वस्तू म्हणजे रोटरी इंजिन. बेळगावला डिप्लोमा करताना लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकाच्या फाटक्या पानावर त्यांनी त्याचं चित्र पाहिलं आणि तिथंच अडकले. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला, घरात मासिकं यायची नाहीत. त्या एका पानावर त्यांनी वर्षं काढली. आमच्या अभ्यासक्रमात या इंजिनाला अर्धं पान आहे. इतर मास्तर ते 'घरी वाचा' म्हणून सोडतात. बनसोडे सर त्याला दोन अख्खे तास देत, आणि त्या तासांना मी वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसत असे. माझे वडील धारवाडच्या कोर्टात वकिली करत, त्यामुळे मला कळायचं की इथं खटला चालू आहे. पहिल्या तासाला सर आरोपीचे वकील असत. दुसऱ्या तासाला तेच सरकारी वकील.

"पिस्टन म्हणजे सरकारी कारकून," ते वर्गाला भिंतीभिंतीनं प्रदक्षिणा घालत सुरुवात करायचे. मुलांच्या माना त्यांच्या मागे फिरायच्या. "वर गेला, थांबला. खाली आला, थांबला. दर फेरीला दोनदा विश्रांती. आणि ह्यो बघा." मग पिशवीतून स्वतः बनवलेलं लाकडी मॉडेल निघायचं. सागवानी फळीत कमरेला किंचित आवळलेलं लांबट गोल घर आणि त्याच्या आत फुगीर बाजूंचा त्रिकोण. दांडा फिरवला की त्रिकोण फिरता फिरता सरकायचाही, पण त्याची तिन्ही टोकं घराच्या भिंतीला कायम टेकलेली. एका बाजूला हवा-पेट्रोल आत येतंय, दुसरीकडे दाबून पेटतंय, तिसरीकडून धूर बाहेर जातोय. तिन्ही बाजू एकाच वेळी कामावर. व्हॉल्व नाहीत, स्प्रिंगा नाहीत, वरखाली हिसके नाहीत. इंजिन एवढंसं आणि हलकं, म्हणून बॉनेटमध्ये खाली आणि मागे सरकवून बसवता येतं, गाडीचं नाक जड होत नाही आणि वळणावर ती मनात आणल्याबरोबर वळते. मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्यांना या चिमुकल्या इंजिनाच्या स्पोर्ट्स कारनी कसं पळवलं ते सर असं सांगत की जणू स्वतः मागच्या सीटवर होते.

आणि शेवटी घंटी. हे इंजिन वरच्या फेऱ्यांना इतकं गुळगुळीत चालतं की काटा लाल रेघेवर पोचला तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी गाडीत एक घंटी बसवली, आता बास हे सांगायला. हे सांगताना सर चालायचे थांबत. वर्षानुवर्षं मी ते पाहिलं, तेवढ्या एका ठिकाणी थांबत. "ती घंटी मला एकदा ऐकायची हाय," असं म्हणत आणि पुन्हा चालू लागत.

दुसऱ्या दिवशी मात्र खैर नसायची. त्रिकोणाच्या टोकांवर ज्या बारीक पट्ट्या असतात त्यांच्यावरच सगळा जीव. त्या झिजल्या की दाब गळतो आणि इंजिन खोलावं लागतं. पट्ट्या कोरड्या पडू नयेत म्हणून थोडं तेल मुद्दाम आत सोडून जाळावं लागतं, म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही भरत राहा. पेट्रोलचं तर विचारूच नये, कारण आतली खोली लांबट आणि चपटी, आग कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि अर्धवट जळलेलं तसंच बाहेर जातं. धुराच्या नियमांनी याचा गळा आवळला तो त्यामुळेच. खालच्या फेऱ्यांना ओढ नाही. गावातल्या गर्दीत ते रडतं. आणि एक खोड सगळ्यांत वाईट. थंड इंजिन सुरू करून, जरा हलवून लगेच बंद केलं, तर आत पेट्रोल साचतं, ठिणगीचे प्लग भिजतात, पट्ट्यांवरचं तेल धुऊन निघतं आणि मग ते सुरूच होत नाही. एकदा एका मुलीनं विचारलं, मग सर, हे इंजिन चांगलं की वाईट? सर म्हणाले, चांगलं हाय, पण संसाराचं नव्हं. घरी जाऊन मी हे सुनंदावहिनींना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की मला पाणी द्यावं लागलं.

गंमत अशी की हे सगळं सांगणाऱ्या माणसानं असलं इंजिन कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ते हुबळीतच होतं हे कळल्यावर सरांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

दाजीबानपेठेत महांतेश अण्णांचं कापडाचं ठोक दुकान. त्यांचा धाकटा भाऊ चन्नू आफ्रिकेत नोकरीला होता, तो कायमचा परतताना एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेऊन आला. तिच्या कागदपत्रांच्या भानगडी त्यानं कशा निस्तरल्या ते त्यालाच ठाऊक. दोन माणसांची गाडी. मागची सीट म्हणजे पिशवी ठेवायची सोय. चन्नू करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला आणि गाडी गोदामामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. सरांना ही बातमी दुकानात शर्टपीस घ्यायला गेलेल्या आमच्या शिपायाकडून कळली. त्याच संध्याकाळी ते मला ओढत घेऊन गेले.

अण्णांच्या दुकानाची रीत जुनी. पांढऱ्या गादीवर बसल्याशिवाय बोलणं नाही. सरांनी उभ्यानंच विषय काढला, अण्णा म्हणाले, "कुंदर्री सर." सरांनी पुन्हा विषय काढला, अण्णा पुन्हा बसा म्हणाले. शेवटी बनसोडे सर बसले. मांडी घालून, गुडघे लटलट हलवत, चहा येऊन जाईपर्यंत. माझ्या पाहण्यात ही पहिलीच वेळ. अण्णांनी शांतपणे सगळं सांगितलं. बेंगळुरूचा एक शौकीन दसऱ्यानंतर गाडी न्यायला ट्रक पाठवणार होता. "गाडी जाणारच. पण चन्नूची गाडी प्रेतासारखी ओढत न्यायची नाही. आपल्या पायानं चालत ट्रकवर चढली पाहिजे. तेवढं करून द्या, मग जायच्या आधी एकदा तुम्ही पाहिजे तिथं फिरवून आणा." सरांनी बायपास मागितला. मोकळा रस्ता, दुसरं काही नको. अण्णा हो म्हणाले.

तो सगळा पावसाळा सर दर रविवारी त्या शेडमध्ये होते. टाकी साफ केली, नळ्या बदलल्या, प्लग मागवले. मी कधी कधी जाऊन ताडपत्रीवर बसे आणि शिव्या खाई. गणपतीच्या सुमारास एका सकाळी इंजिन सुरू झालं. मला वाटलं होतं गर्जना होईल. पण हलकी, घाईची भुरभुर होती आणि पाठोपाठ निळसर धूर. सर शेडभर फेऱ्या मारत हसत होते. दाब मोजल्यावर चेहरा जरा उतरला. पट्ट्या झिजलेल्या होत्या, मेल्या नव्हत्या. जपून वापरलं तर एक चांगली धाव आहे हिच्यात, म्हणाले. मग अण्णांच्या घरच्या सगळ्यांना बजावलं की मी नसताना चावीला हात लावायचा नाही.

आणि मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी मोळा मारायचा हातोडासुद्धा पूजेवाचून राहत नाही. गाड्या धुऊन, झेंडू बांधून, कोहळा फोडून, चाकांखाली लिंबं ठेवायची. गाडी सुरू करायची, लिंबं चिरडेपर्यंत पुढे घ्यायची आणि बंद करायची. मग पुढची गाडी. सर बौद्ध, ते पूजा करत नसत. पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी हटकून हजर असत, कारण लेथवर कुंकू टाकणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. ते तिकडे लेथ राखत होते तेव्हा इकडे दाजीबानपेठेत अण्णांच्या दोन स्कूटर, टेम्पो आणि मोटार लिंबांवरून गेली. राहिली शेडमधली. अण्णांच्या पत्नी नीलाक्का म्हणाल्या, सगळ्यांच्या गाड्या लिंबावरून गेल्या, चन्नूचीच तेवढी मागे ठेवायची कशी? टेम्पोच्या ड्रायव्हरनं ती सुरू केली, हातभर पुढे घेतली, लिंबं फुटली, आणि त्यानं बंद केली.

सर संध्याकाळी गेले तेव्हा सगळे फार आनंदात होते. नीलाक्कांनी त्यांना प्रसाद दिला. त्यांनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली आणि पेट्रोलचा वास आल्यावर काय झालं ते त्यांना कळलं. मला वाटलं आता स्फोट होणार. पण ते नीलाक्कांना एवढंच म्हणाले, चांगलं केलंत, तिचीबी पूजा झाली. बाहेर आल्यावर मात्र पेठेतून इतक्या वेगानं चालू लागले की मला धापा लागल्या.

दसऱ्याला सकाळी त्यांच्या घरी धम्मचक्र दिनाची वंदना असे. ती आटोपून ते पांढऱ्या कपड्यांतच शेडवर आले. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला, प्लग काढून वाळवले, इंजिन नुसतंच फिरवून आतलं पेट्रोल बाहेर फेकलं, चार थेंब तेल आत सोडलं. शेवटी टेम्पोला दोर बांधून गाडी ओढली. बन्नी, म्हणजे दसऱ्याचं सोनं, वाटायला निघालेली पेठ सोन्याची पानं हातात घेऊन बघत उभी होती. तिसऱ्या ओढीला ती सुरू झाली आणि धुरात दुकानांच्या पाट्या दिसेनाशा झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या सदऱ्याची दशा बघून त्यांच्यामागून आलेल्या सुनंदावहिनींनी कपाळाला हात लावला.

त्या गडबडीत सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दाब अजून उतरलाय. थंड असताना उद्या सुरू हुईल. पण तापल्यावर बंद केली तर परत सुरू हुईल असं वाटत नाही. बायपासला जायचं, घंटी ऐकायची, बंद न करता थेट ट्रकवर चढवायची. मधी थांबायचं नाही." त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी ऐकला नव्हता. त्यांना भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येण्याआधी आम्ही दोघं पोचलो. गाडी एका फटक्यात सुरू झाली. सर स्टिअरिंगमागे बसले, मी शेजारी, माझे गुडघे हनुवटीपाशी. इंजिन तापण्याची वाट बघत ते बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरत होते. तेवढ्यात अण्णा दुकानातून आले. कडक इस्त्रीचं धोतर, पायात नवे जोडे. खिडकीशी वाकले. मग म्हणाले, "सर, मी एकदा बसू का? चन्नू दर रविवारी म्हणायचा, अण्णा, एकदा चालवून बघ. मी म्हणायचो, दुकान कोण बघणार."

मला त्या क्षणी अण्णांचा राग आला, तो अजून थोडा आहे. महिनोन्‌महिने हा माणूस तेलात हात घालून बसला, आणि तुम्हाला आत्ता आठवण झाली? सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. इंजिन चालू ठेवून उतरले, अण्णांना बसवलं, क्लच कुठं धरतो ते दाखवलं आणि मला उठवून माझ्या जागी बसले. गाडी पेठेतून हळूच बाहेर पडली, बैलगाडीच्या मागे अडकल्यासारखी.

पुढचं सरांनी मला नंतर तुटक तुटक सांगितलं. अण्णा बायपासला गेलेच नाहीत. उणकल तळ्यापर्यंत गेले आणि परत आले, सगळा रस्ता दुसऱ्या गियरमध्ये, जिथं या इंजिनाला ओढ नाही तिथंच, आचके खात. मुलांनी असं चालवलं असतं तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं. पण अण्णा चन्नूबद्दल बोलत होते. लहानपणी तो सायकलचं चाक काठीनं पळवत दुकानापर्यंत कसा यायचा, वडील कसे ओरडायचे. डोळे पुसायला हात काढत तेव्हा सर बाजूनं स्टिअरिंग धरत. पाय आवळून बसलो हुतो, एवढंच सर म्हणाले.

ते परतले तेव्हा ट्रक आलेला होता, फळ्या लावून तयार. गाडी दुकानासमोर थांबली. मी पुढे धावलो, बंद करू नका हे ओरडायला तोंड उघडलं होतं. पण अण्णा जुन्या वळणाचे, वस्तू द्यायची तर हातात द्यायची. त्यांनी चावी फिरवून काढली, डोळ्यांना लावली आणि सरांच्या तळहातावर ठेवली. "नीव होगि बर्री सर," ते म्हणाले. तुम्ही जाऊन या. ट्रक थांबेल.

भुरभुर थांबली होती. सरांनी चावीकडे पाहिलं. मग उतरून पलीकडे गेले, अण्णांनी रिकाम्या केलेल्या जागी स्टिअरिंगमागे बसले आणि चावी फिरवली. आतलं यंत्र सूं करून एकसारखं फिरत राहिलं, कुठंही न अडता, दाब नसलेलं फिरतं तसं. पुन्हा एकदा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली नाही.

अण्णांनी काळजीनं विचारलं, काय झालं, माझ्याकडून काही बिघडलं का?

"छे हो," सर म्हणाले. "तापलीया. आणि ट्रकवर ह्या गाड्या ढकलूनच चढवत्यात अण्णा, इंजिनावर न्हाई. तशीच रीत हाय. माझं काय, मी फिरून आलो की तुमच्यासंगं."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडून ऐकलेलं हे एकमेव खोटं. अण्णांचा चेहरा निवळला. त्यांनी स्वतः धोतर खोचलं आणि मागून हात लावला. टेम्पोचा ड्रायव्हर आला, समोरच्या दुकानातले दोघे आले, नीलाक्का पायरीवर हात जोडून उभ्या राहिल्या. स्टिअरिंग धरायला आत कुणीतरी लागतंच, म्हणून सर आतच होते. मी त्यांच्या बाजूनं, खिडकीच्या कडेला धरून ढकलत होतो. चाकं फळीवर चढली तेव्हा माझी मान खाली होती आणि खिडकीतून मला त्यांचे पाय दिसले. डावा मोकळा होता. उजव्या पायानं त्यांनी ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबून धरला होता, आणि गाडी वर जाऊन थांबली तरी तो तसाच होता.